२६ जानेवारी सोडून

महादेवपुऱ्यात विमानाचा आवाज आला की कोण वर बघतं, यावरून माणूस इथे किती मुरला आहे ते कळतं. एचएएलचा जुना विमानतळ इथून चार-पाच किलोमीटरवर. तेजस हे लढाऊ विमान तिथे बनतं, ४ जानेवारी २००१ ला ते पहिल्यांदा उडालं तेही तिथूनच, आणि त्याच्या चाचण्या अजून चालूच असतात. मधूनच आभाळ दणाणतं, फोनवरचा पुण्याचा माणूस दचकून "काय झालं?" विचारतो आणि आपण "काही नाही, तेजस" म्हणून अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे नेतो. वर बघतात ती लहान मुलं आणि गावाकडून आलेले पाहुणे.

माझा भाचा बारावीची परीक्षा देऊन साताऱ्याहून आला, तो पहिले काही दिवस वरच बघत होता. बसमध्ये वर, फूटपाथवर वर. इथले फूटपाथ पाहता हे धाडसच. त्याच्या मागोमाग ताईचा फोन आला. "त्याला मिलिटरीत जायचंय म्हणे. तुझ्या आजूबाजूला सगळी मिलिटरीच आहे ना? जरा समजावून सांग त्याला." जा म्हणून समजवायचं की जाऊ नको म्हणून, हे ताईने उघड केलं नाही. दोन्हीपैकी जे बिघडेल त्याचं खापर फोडायला भाऊ लागतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण बंगळुरूत राहणारा माणूस विमान, उपग्रह आणि क्षेपणास्त्र यांपैकी कशाशी तरी संबंधित असणारच, अशी नातेवाइकांची पक्की समजूत असते. पलीकडच्या सी. व्ही. रामन नगरात डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. तिथे नोकरी करणारे आमचे एक मित्र रोज डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी भाजी घेऊन येतात. त्यांच्या गावी मात्र ते 'फौजेत' आहेत.

"तुला नक्की कशात जायचंय?" मी भाच्याला विचारलं.

"डिफेन्समध्ये."

"त्यात काय?"

त्याने बराच विचार केला. "युनिफॉर्ममध्ये," म्हणाला.

उत्तर प्रामाणिक होतं. बारावीच्या मुलाने सैन्य पाहिलेलं असतं ते २६ जानेवारीला, टीव्हीवर, कर्तव्यपथावरून चालताना. सगळे एका उंचीचे, एका तालात, वर विमानांची रांग. उरलेल्या दिवसांचं प्रक्षेपण कुणी करत नाही. आणि नोकरी तर त्या उरलेल्या दिवसांचीच असते.

भाच्याचा दोष नाही, त्याच्या मातीचा आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलं गेलं, ते आजतागायत तसंच आहे. कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. या पट्ट्यात सुट्टीवर आलेला शिपाई असो की नाईक, त्याला सगळे 'मेजर' म्हणतात. "मेजर, कधी आलात?" आता खरा मेजर म्हणजे अधिकारी, खांद्यावर अशोकस्तंभ मिरवणारा. पण गावाने बढती दिली की ती कोण परत घेणार? अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला सैन्य म्हणजे एक मोठं अखंड घर वाटतं. त्या घराला दारं किती आणि कुठल्या दारातून शिरल्यावर कुठल्या खोलीत जाऊन पडतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

शाळेच्या पुस्तकात सांगितलेलं असतं, पण तेही अर्धंच. भूदल जमिनीवर, नौदल पाण्यात, वायुदल आकाशात. एक मार्काला हे पुरतं. प्रत्यक्षात भूदलाची स्वतःची हेलिकॉप्टरं आहेत. आर्मी एव्हिएशन कोअर १९८६ साली निघाली आणि तिचे वैमानिक शिकतात नाशिकला. नौदलाची लढाऊ विमानं गोव्याला हंसा तळावर. वायुदलाचे गरुड कमांडो जमिनीवर लढायला तयार. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे जहाजांची इंजिनं कशी चालवायची हे नौदल शिकवतं लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. ही संस्था १९४५ पासून घाटमाथ्यावर आहे. समुद्र नाही, आहे तो पाऊस. उलट वायुदलात भरती झालेल्या बहुतेकांचा सगळा काळ जमिनीवर जातो, कारण एक विमान आकाशात जायला खाली कितीतरी माणसं पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभी असावी लागतात.

बंगळुरूने या गोंधळात स्वतःची भर घातली आहेच. मेट्रोने मी भाच्याला हलसूरला नेलं. तिथे तळ्याजवळ मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. सॅपर्स म्हणजे सैन्याचे अभियंते: पूल बांधणारे, सुरुंग काढणारे, रस्ता करणारे. या पलटणीतल्या मॅक्लिंटॉक नावाच्या कॅप्टनने १९१२ साली इथे एक हत्यार तयार केलं. लांब नळी, आत स्फोटकं. काटेरी तारांच्या कुंपणाखाली सरकवायची आणि उडवून द्यायची, म्हणजे वाट मोकळी. त्याचं नाव बंगळूर टॉर्पेडो. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैनिकांनीही ते वापरलं. आता टॉर्पेडो म्हटल्यावर कुणालाही पाणबुडी आठवावी. हा टॉर्पेडो जन्मात पाण्यात गेला नाही.

"म्हणजे आर्मीत इंजिनियर पण असतात?" भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित निराशा होती. इंजिनियर टाळायलाच तो सैन्यात निघाला होता.

मग मी त्याला राणे सांगितले. रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे निघाले होते आणि वाटेत सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेले पूल. वरून गोळीबार. ८ ते ११ एप्रिल हा माणूस जखमी अवस्थेत रस्ता मोकळा करत राहिला. परमवीर चक्र मिळालं, आणि तेही जिवंतपणी. भाच्याच्या मनातल्या चित्रात शूर माणूस हातात बंदूक घेऊन टेकडीवर चढतो. राणे सुरुंग उकरत होते, झाडं बाजूला करत होते. पीडब्ल्यूडीचंच काम म्हणायचं, फक्त ठेकेदार नव्हता आणि काम झालं.

भूदल म्हणजे पायदळ, ही सातारकरांची दुसरी समजूत. पायदळ आहेच, आणि मराठा लाईट इन्फंट्री १७६८ पासून आहे. पण त्याशिवाय रणगाडेवाले आहेत, त्यांचं केंद्र अहिल्यानगरला. तोफखाना आहे, त्याची शाळा देवळालीला. सिग्नल्स आहे, दुरुस्तीवाली ईएमई आहे, दारूगोळा आणि सामानसुमान सांभाळणारी ऑर्डनन्स आहे, डॉक्टर आहेत, खेचरंसुद्धा आहेत. रेशन, पेट्रोल आणि वाहतूक बघणारी आर्मी सर्व्हिस कोअर, तिचं केंद्र इथेच बंगळुरूत. पुरवठा खातं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रेशन दुकानाची रांग येते. पण याच कोअरच्या जवानांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये येलहंकाच्या धावपट्टीवर एका बुलेटवर ५८ जण बसवून विक्रम केला. भाच्याला सगळ्यांत जास्त आवडलेली माहिती हीच. माझ्या बायकोला विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, आमच्या ऑफिसची कॅब बघा.

सैन्यात नसलेलं सैन्यही असतं, ते तर सांगता सांगता नाकी नऊ येतात. सीमा सुरक्षा दल सीमेवर उभं, हातात रायफल, अंगावर वर्दी. पण ते गृह मंत्रालयाचं. सीआरपीएफ तसंच, विमानतळावर आपला पट्टा आणि लॅपटॉप ट्रेमध्ये काढून ठेवायला लावणारं सीआयएसएफ तसंच. त्यांच्या भरत्या वेगळ्या, परीक्षा वेगळ्या, पेन्शनचे नियम वेगळे. तटरक्षक दल मात्र संरक्षण मंत्रालयाचंच, पण नौदल नव्हे. १९७७ मध्ये निघालं, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. आणि मर्चंट नेव्हीचा यातल्या कशाशीच संबंध नाही, ती मालवाहतूक. आमच्या एक लांबच्या मावशी "मुलगा नेव्हीत कॅप्टन" अशी दोन स्थळं एकाच दिवशी घेऊन आल्या होत्या. एक तेलवाहू जहाजाचा होता, दुसरा खरोखर नौदलातला. भूदलातला कॅप्टन पंचविशीतला पोरगा असतो. नौदलातला कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, म्हणजे चाळिशी गाठलेला. वायुदलात त्याच पायरीवरच्या माणसाला ग्रुप कॅप्टन म्हणतात. मावशींच्या दृष्टीने सगळे कॅप्टनच. वधूवर सूचक मंडळांनी खरं तर यावर एखादं परिपत्रक काढायला हवं.

भाच्याला अर्थातच वैमानिक व्हायचं होतं. इतके दिवस वर बघून दुसरं काय होणार? वायुदलाच्या वैमानिकासाठी अंगाची मापं ठरलेली असतात, ती मी शोधून काढली. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर. पायाची लांबी ९९ ते १२०. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. मांडीचं कारण कळल्यावर हसू पळतं: संकटात आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनलवर आपटू नयेत. आमच्या हॉलमध्ये त्याला भिंतीला टेकवून बसवला आणि बायकोच्या शिवणाच्या टेपने मापं घेतली. टेप तीन वेळा तीन वेगळे आकडे दाखवत होती. ताई व्हिडिओ कॉलवर होती. "मांडी कशाला मोजताय? लढायचंय की सलवार शिवायचीय?" खरी मापं वायुदलाचे डॉक्टर घेतात, जुन्या विमानतळ रस्त्यावर वायुदलाची एक अख्खी वैद्यकीय संस्था वैमानिकांच्या तब्येतीसाठीच आहे. शिवाय वैमानिकाच्या योग्यतेची संगणकावरची एक चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. हुकली की संपलं. बोर्डाच्या परीक्षेत पुरवणीची सवय झालेल्या पिढीला हे फारच कडक वाटतं.

या सगळ्यात अक्कल शिकवली ती मी नव्हे, आमच्या टेक पार्कच्या फाटकावरच्या सुभेदारसाहेबांनी. मराठा लाईट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, खानापूरकडचे. आता सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर. या भागातल्या प्रत्येक टेक पार्कच्या फाटकावर असा एखादा जुना फौजी असतोच, आणि त्याच्यासमोरून आपण गळ्यातलं कार्ड दाखवत रोज पुढे जातो. त्यांनी भाच्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"पलटणीत काय असतं सांगतो बघ की," ते म्हणाले. "चालायचं. खणायचं. रायफल पुसायची. बूट पुसायचे. परत चालायचं. लढाई येते तेव्हा येते. माझ्या नोकरीत दोनदा जवळ आली. बाकीची वर्षं चाललो. मला चालायला आवडतंय म्हणून निभलं. तुला काय आवडतंय?"

"फायटर पायलट," भाचा म्हणाला.

"ते व्हायला आवडतंय. करायला काय आवडतंय? घरी रिकामा असलास की हात कुठे जातोय तुझा?"

भाचा गप्प झाला. मग चाचरत म्हणाला की तो मिक्सर खोलतो. पंपाची मोटर खोलतो. आजोबांची राजदूत त्याने चालू केली होती. मला हे माहीत होतं. आमचा बिघडलेला गिझर त्यानेच आदल्या रविवारी ठीक केला होता, आणि आम्ही ते फुकटात झालं म्हणून खूश होऊन विसरून गेलो होतो.

"मग तू यंत्राकडे जा की," सुभेदारसाहेब म्हणाले. "ईएमई आहे, जहाजाचं इंजिन आहे, विमानाचं इंजिन आहे. तिन्हीकडे यंत्र आहे. वर्दीचा रंग काय, धुतला की फिकाच होतोय."

दल कुठलं याच्याही आधी दार कुठलं, हे त्यांनीच ठासून सांगितलं, आणि मला वाटतं घराघरांत हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं दार अधिकाऱ्याचं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, वर्षातून दोनदा परीक्षा, जागा सुमारे ४००, अर्ज लाखांनी. भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. नौदल आणि वायुदलाला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच. जेईईच्या गुणांवर नौदलाच्या एळिमलातल्या अकादमीत थेट बी.टेक.ला जाता येतं, भूदलाचीही तशी तांत्रिक योजना आहे. दुसरं दार अग्निवीराचं. जून २०२२ मध्ये घोषणा झाली. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के निधीत जमा, आणि शेवटी सुमारे ११.७१ लाख हातात. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणजे चारांतले तिघे ऐन तारुण्यात, बावीस-पंचविसाव्या वर्षी, घरी. यावर ज्याचं त्याचं मत असो. माझं असं आहे की ज्या घरात "एकदा लागला की चिकटला" या हिशेबाने मुलाला पाठवतात, त्या घराने हा आकडा देवघरासमोर मोठ्याने वाचून मग अर्ज भरावा.

भाच्याने एनडीए धरली, म्हणून आम्ही मुलाखतीची तालीम सुरू केली. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबी नावाची मुलाखतही ९०० गुणांची, पाच दिवस चालणारी. बंगळुरूत तिचं मोठं केंद्र आहे. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला लावतात. चित्र साधारण आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या दर्जाचं असतं. पहिल्या दिवशी जे गळतात ते त्याच दिवशी घरी. पुढे साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. आम्ही जेवणाच्या टेबलावर मराठीत सराव केला. "अंधार" म्हटल्यावर त्याने लिहिलं, "फ्यूज बघावा." "पराभव" म्हटल्यावर, "कुठे सैल पडलं ते शोधावं." "आई" म्हटल्यावर, "फोन करायचा राहिला." मानसशास्त्रज्ञ यातून काय काढतील ते काढोत, माणूस मेकॅनिक आहे एवढं मलाही दिसत होतं.

या साऱ्या काळात ताईच्या फोनमागे कुणीतरी गुपचूप ऐकत होतं. भाच्याची धाकटी बहीण, दहावीतली. एके दिवशी तिनेच फोन घेतला. "मामा, मुलींना एनडीए २०२१ च्या कोर्टाच्या आदेशानंतर उघडली ना? पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. आणि सेवापूर्व शिक्षण संस्था संभाजीनगरला मुलांसाठी १९७७ पासून आहे, तशी नाशिकला आता मुलींसाठी आहे, अकरावीपासून. माझा फॉर्म कधी भरायचा?" तिने जाहिरात सगळी वाचली होती, शेवटच्या परिशिष्टापर्यंत, दातांच्या नियमांसकट. तिला मी काय समजावणार? तिच्या आईला समजवायचं काम मात्र नव्याने माझ्याकडे आलं आहे.

भाच्याने अर्जात पसंतीक्रम लिहिला: पहिलं नौदल, मग भूदल, मग वायुदल. ज्याने कृष्णेपलीकडे मोठं पाणी पाहिलं नाही, त्याने नौदल. कारण विचारलं तर म्हणाला, "जहाजाचं इंजिन घराएवढं असतं मामा." गुण किती पडतात, शिफारस होते का, पुढे कुठली शाखा वाट्याला येते, हे सगळं अजून व्हायचं आहे, पसंती विचारतात म्हणजे देतातच असं नाही. तेजस गेलं तर तो अजून वर बघतो, पण आता "इंजिन अमेरिकन आहे त्याचं," असंही सांगतो.

मधल्या काळात एका ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचा फोन येऊन गेला. भरतीत 'आत' त्यांचा माणूस आहे, थोडा खर्च येईल, मेडिकलसुद्धा सांभाळून घेतील. ताई क्षणभर विरघळली होती. असे फोन बारावीच्या निकालाच्या सुमारास सातारा, सांगली, बेळगावकडे बऱ्याच घरांत येतात, म्हणून सांगून ठेवतो. परीक्षेचं ठरलेलं शुल्क सोडलं तर सैन्यात भरती व्हायला एक रुपयाही लागत नाही. कुणी मागितला तर त्याला देऊ नका. नंबर लिहून घ्या आणि जवळच्या सैन्य भरती कार्यालयाला आणि पोलिसांना कळवा.